छातीचा फोटो

"विचारलं तर 'नाही' म्हणायचं. जास्त बोलायचं नाही." ठाणं मागे पडलं तेव्हा अप्पांनी हे तिसऱ्यांदा सांगितलं.

माईंनी मान डोलावली. एकोणचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी बहुतेक वेळा मानच डोलावली होती. मांडीवरच्या पिशवीत दोघांचे पासपोर्ट, वकिलातीचं पत्र, फोटो, लशींची नोंद असं सगळं नीट लावून ठेवलेलं होतं. तळाशी एक घडीचा, कडा झिजलेला कागद होता. तो माईंनी स्वतः ठेवला होता, अप्पांना न विचारता.

२०१८ सालचा जून. अप्पा मुंबईतल्या एका शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, राहायला डोंबिवलीला. एकुलता एक बाळू न्यू जर्सीत. तो अमेरिकेचा नागरिक झाला आणि त्याने आईवडिलांसाठी कायम वास्तव्याचा अर्ज भरला. भावाबहिणींसाठी असा अर्ज केला तर वर्षानुवर्षं रांगेत थांबावं लागतं. आईवडिलांना ती रांग नाही, कारण नागरिकाच्या आईवडिलांना किती व्हिसा द्यायचे यावर वर्षाची मर्यादाच घातलेली नाही. त्यामुळे फाइल भराभर पुढे सरकली. फी भरून झाली, पोलिसांचा दाखला मिळाला, मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन वकिलातीत मुलाखतीची तारीख लागली. सून गरोदर होती, नोव्हेंबरची तारीख होती. त्याआधी आजी-आजोबा तिथे पोचणार असं सगळं जुळून आलं होतं.

मधे उरली होती फक्त वैद्यकीय तपासणी. ती आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडून करून चालत नाही. वकिलातीने नेमून दिलेल्या मोजक्याच डॉक्टरांकडे जावं लागतं, आणि ते डॉक्टर अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य खात्याने आखून दिलेल्या नियमांबरहुकूम तपासतात.

सोसायटीतले नाना तीनदा न्यू जर्सीतल्याच एडिसनला जाऊन आलेले होते. पर्यटक म्हणून गेले होते, त्या व्हिसाला ही तपासणी लागत नाही, पण सल्ला द्यायला तेवढा अनुभव पुरतो. "मधुमेह सांगा, बीपी सांगा, त्यांना त्याचं काही नाही. छातीचं मात्र काही असलं तर शब्द काढू नका. टीबी म्हटलं की फाइल बंद!" नाना सहज बोलून गेले. अप्पा त्या रात्री झोपले नाहीत.

कारण माईंना टीबी होऊन गेला होता.

माईंचं माहेर मिरजेकडचं. १९७६ साली, अठराव्या वर्षी, त्यांच्या खोकल्यातून रक्त पडलं. वडिलांनी त्यांना वानलेसवाडीच्या क्षयरोग इस्पितळात नेलं. आधी स्ट्रेप्टोमायसिनची रोजची सुई, मग मुठी भरभरून गोळ्या. दीड वर्ष हे चाललं आणि त्या पूर्ण बऱ्या झाल्या. १९७९ साली अप्पांचं स्थळ आलं, तेव्हा माईंच्या वडिलांनी बैठकीआधीच अप्पांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं, इस्पितळाचा कागदही दाखवला. अप्पा म्हणाले, "बरी झाली आहे ना आता? मग झालं." त्या काळात असं म्हणणारा मुलगा विरळाच, हे कबूल केलं पाहिजे. पण त्याच दमात त्यांनी एक अट घातली, की हे माझ्या आईच्या कानावर जाता कामा नये. मग आईच्या नाही म्हणून बहिणींच्या नाही, बहिणींच्या नाही म्हणून शेजाऱ्यांच्या नाही, आणि शेवटी बाळूच्याही नाही. मोठ्या मनाने स्वीकारलेली गोष्ट लपवण्यात पुढची सगळी वर्षं गेली. बाळंतपणाच्या वेळी डॉक्टरांनी आधीच्या आजारांबद्दल विचारलं, तेव्हाही अप्पाच पुढे होऊन म्हणाले होते, "छे, काही नाही."

शाळेत अप्पांचा आवडता विषय म्हणजे आनंदीबाई जोशी. कल्याणची ही मुलगी १८८३ साली बोटीने अमेरिकेला गेली, १८८६ साली फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात तिची नेमणूकही झाली होती, पण परत आल्यावर थोड्याच महिन्यांत, फेब्रुवारी १८८७ मध्ये, ती पुण्यात वारली. बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. तिची रक्षा न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीच्या दफनभूमीत आहे आणि बाळूकडे गेलो की तिथे जाऊन यायचं, हे अप्पांनी केव्हाच ठरवलं होतं. हे सगळं सांगताना त्यांचा आवाज भरून यायचा. शेवटाकडे आले की मात्र ते म्हणायचे, "परदेशातली थंडी बाधली." ती क्षयाने गेली, हे त्यांनी वर्गात एकदाही सांगितलं नाही.

तपासणीचा त्यांना राग होता, आणि त्या रागाला इतिहासाच्या शिक्षकाचे पुरावेही होते. न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर १८९२ पासून बोटीतून उतरणाऱ्यांना डॉक्टर नुसत्या नजरेने तपासत आणि संशय आला की कोटावर खडूने खूण करत: हृदयासाठी एच, डोळ्यांसाठी ई, लंगडत असेल तर एल. खुपऱ्या आहेत का हे बघायला पापणी उलटवत, ती कधीकधी बुटाची बटणं लावायच्या हुकाने. १९०७ च्या कायद्याने क्षयाच्या रोग्यांना दार बंद झालं. पलीकडच्या किनाऱ्यावर, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एंजल बेटावर, १९१० साली हिंदुस्थानातून आलेल्या मजुरांना पोटात अंकुशकृमी आहेत म्हणून परत पाठवायला सुरुवात झाली. वास्तविक त्या कृमींवर सोपं औषध होतं. तिथल्या लोकांना कृमी नव्हे, माणसंच नको होती. एचआयव्ही असलेल्यांना तर अगदी जानेवारी २०१० पर्यंत मज्जाव होता. "गुरांच्या बाजारात दात बघतात, तसला प्रकार आहे हा," अप्पा म्हणायचे. या म्हणण्यात फारशी खोट नव्हती. खोट होती ती त्याच्या पुढच्या वाक्यात: "असल्यांशी खरं कशाला बोलायचं?"

तपासणी केंद्रात ही गर्दी. आणंदकडचं एक अख्खं कुटुंब, पंजाबातून आलेलं एक नवं जोडपं, कडेवरची पोरं, काठी टेकत आलेले म्हातारे. आधी उंची-वजन, मग रक्तदाब, मग नजर. रक्त काढायला आलेल्या मुलीला अप्पांनी विचारलं, "हे कशासाठी?"

"सिफिलिसची तपासणी, काका. पंधरा वर्षांवरच्या सगळ्यांची करतात."

अप्पा अडुसष्ट वर्षांचे. त्यांनी असा काही चेहरा केला की माईंनी पदर तोंडाला लावला. त्या दिवसातलं त्यांचं ते एवढंच हसू.

लशींचं गणित याहून मजेचं. १९५७ च्या आधी जन्मलेल्यांना गोवर-गालगुंड-रुबेलाची लस लागत नाही; त्या पिढीला ते आजार लहानपणीच होऊन गेलेत असं धरून चालतात. अप्पा १९५० चे, ते सुटले. माई १९५८ च्या, त्यांना टोचली. न्यूमोनियाची लस पासष्टीच्या पुढच्यांना, म्हणून ती अप्पांच्या वाट्याला. धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकल्याची दोघांनाही. कांजिण्यांच्या बाबतीत "लहानपणी आल्या होत्या" एवढं तोंडी सांगणं पुरलं.

मग छातीचा फोटो. आणि मग बाकावर बसून प्रश्नावली. दोघांचीही अप्पांनीच भरली. कधी क्षयरोग झाला होता का? नाही. तीन आठवड्यांहून जास्त खोकला? नाही. वजन कमी झालंय? नाही. घरात, सहवासात कुणाला क्षयरोग? नाही. अक्षर नेहमीप्रमाणे सुरेख होतं.

डॉक्टरबाईंनी आधी माईंना आत बोलावलं. अप्पा उठले तसं त्या म्हणाल्या, "तुम्ही बसा काका, एकेकाला बघते."

पडद्यावर माईंच्या छातीचा फोटो होता. उजवीकडे वरच्या कोपऱ्यात पांढरट ओरखडे होते. डॉक्टरबाईंनी काही विचारायच्या आधीच माईंनी पिशवीत हात घातला आणि तळाचा कागद काढून टेबलावर ठेवला.

"शहात्तर साली झाला होता. वानलेसवाडीला होते. औषध पुरं केलंय, यात लिहिलं आहे."

डॉक्टरबाईंनी कागद उलगडला, नीट वाचला, पुन्हा वाचला. "हा एवढी वर्षं जपून ठेवलात?"

"वडिलांनी दिला होता. म्हणाले होते, कधीतरी लागेल." माई क्षणभर थांबल्या. "त्या प्रश्नावलीत 'नाही' लिहिलंय. ते खोडायचं कसं?"

मग अप्पांना आत बोलावलं. टेबलावरचा कागद त्यांनी बघताक्षणी ओळखला. सासऱ्यांनी दाखवला होता तोच.

डॉक्टरबाईंनी आवाज चढवला नाही. "काका, टीबी झाला होता म्हणून कुणाला कायमचं नाकारत नाहीत. बरा झालेला असेल तर फाइलवर तसा शेरा मारून जाऊ देतात, तिथे पोचल्यावर एकदा तपासून घेतात. आता अंगात असेल तर बरा होईपर्यंत थांबवतात, एवढंच. पण जाणूनबुजून खोटं सांगून व्हिसा घेतला असं ठरलं, तर त्या माणसाला जन्मभराची बंदी लागू शकते. त्यावर माझ्याकडे औषध नाही." त्यांनी प्रश्नावली अप्पांकडे फिरवली, पेन पुढे केलं. "अजून ही माझ्याच टेबलावर आहे. दुरुस्त करा."

इतक्या वर्षांत शेकडो मुलांना त्यांनी खाडाखोडीवरून बोलणी दिली असतील. आता त्यांनी स्वतःच्या सुरेख अक्षरावर रेघ मारली.

"तुमचाही फोटो बघते आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "इथे, डावीकडे वर. खोकला किती दिवस आहे?"

"मला? मला कधीच काही झालेलं नाही."

"चार महिने," माई म्हणाल्या.

नियम असा, की फोटोत संशयाला जागा दिसली तर तीन वेगवेगळ्या दिवशी सकाळी थुंकीचे नमुने द्यायचे, तेही केंद्रातल्या माणसासमोर, म्हणजे दुसऱ्याची थुंकी आपली म्हणून कुणी देऊ नये. नमुना सूक्ष्मदर्शकाखाली लगेच बघतात, पण तेवढ्यावर सोडत नाहीत. काचेवर न दिसणारे थोडेसे जंतूही वाढवून बघता येतात, म्हणून तो पोषक द्रव्यात ठेवतात आणि काही उगवतंय का याची सहा ते आठ आठवडे वाट बघतात. तोवर मुलाखत नाही.

परतीच्या गाडीत अप्पा एक अक्षर बोलले नाहीत. पुढच्या तीन सकाळी दोघं पहिल्या गाडीने जाऊन खोकून आले, तरी बोलले नाहीत. घरात भांड्यांचे आवाज तेवढे व्हायचे. बाळूचा फोन आला. चिडलाच तो. "आई, काय गरज होती तुला? इतकं सगळं जमून आलं होतं!"

"अरे, फोटोत दिसतच होतं."

तिकडे जरा वेळ शांतता. मग त्याने विचारलं, "पण मला का नाही सांगितलंत कधी? इथे डॉक्टर दर वेळी विचारतात, घरात कुणाला काय झालं होतं. मी छाती ठोकून सांगत आलोय, काही नाही म्हणून."

माईंनी फोन अप्पांच्या हातात दिला. "हे यांना विचार."

अप्पांनी काय उत्तर दिलं ते कळत नाही. ते फोन घेऊन गॅलरीत गेले होते आणि बराच वेळ आत आले नाहीत.

सोसायटीत सांगितलं गेलं, "कागदपत्रांत जरा त्रुटी निघाली." नाना हळहळले आणि म्हणाले, "तरी मी सांगत होतो!" काय सांगत होते ते त्यांनाही आठवत नसावं. ते दोन महिने घरात दोषी एकच माणूस होतं, आणि ते सगळ्यांसाठी पोळ्या लाटत होतं.

ऑगस्टच्या शेवटी अहवाल आला. माईंच्या तिन्ही नमुन्यांत काही उगवलं नव्हतं. अप्पांच्या एका नमुन्यात उगवलं होतं.

"म्हणजे हिच्यामुळे?" अप्पांच्या तोंडून पहिलं वाक्य हेच निघालं. माणूस किती वाचतो, किती शिकवतो, पण अशा वेळी तोंडून काय निघेल ते सांगता येत नाही.

डॉक्टरबाईंनी चष्मा काढून ठेवला. "त्या तुमच्या लग्नाआधीच बऱ्या झाल्या होत्या. तुम्ही आयुष्यभर भरलेल्या वर्गात उभे राहिलात, भरलेल्या लोकलने आलात-गेलात. हा जंतू कुठून आला, कुणाचा आला, हे कोण सांगणार? आपल्याकडे कितीतरी लोकांच्या अंगात तो वर्षानुवर्षं नुसता पडून असतो. वय झालं, त्यात मधुमेह असला, की उठतो. वजन घटलं तेव्हा वाटलं नाही का काही?"

"गोड सोडलं होतं, म्हणून वाटलं..."

"खोकल्याला?"

"पाऊस."

डॉक्टरबाईंनी सुनेची तारीख विचारली. नोव्हेंबर, म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "आपल्याकडे बाळ जन्मलं की दंडावर बीसीजी टोचतात. अमेरिकेत सगळ्या बाळांना ती देत नाहीत, कारण तिथे टीबी फार कमी आहे. तान्ह्या बाळाला तो झाला तर मेंदूच्या आवरणापर्यंत जाऊ शकतो. तुम्ही खोकत त्या खोलीत बसणार होतात, काका, नातवाला मांडीवर घेऊन."

अप्पांनी एलिस बेटाचा विषय काढला नाही. माझ्या मते काढला असता तरी चाललं असतं. त्या खडूच्या खुणा खऱ्याच होत्या, आणि अप्पांच्या फुप्फुसातला डागही खरा होता. एक खरं म्हणून दुसरं खोटं ठरत नाही, हे इतिहासाच्या मास्तरांना निराळं सांगायला नको. त्या दिवशी त्यांना ते सुचलं नाही, एवढंच.

औषध सहा महिन्यांचं. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने त्यातली दोन. आणि घरी घेऊन चालणार नाही: नेमून दिलेल्या जागी जाऊन, समोरच्या माणसाला दिसेल अशी गोळी गिळायची, तोंड उघडून दाखवायचं, मग सही. औषध संपल्यावर पुन्हा नमुने, पुन्हा आठ आठवडे. म्हणजे नातवाचं बारसं फोनवरच बघायचं. (पुढे मे महिन्यात व्हिसा झाला आणि दोघं गेले. पोकीप्सीलाही जाऊन आले. पण तो काही या गोष्टीचा विषय नाही.)

पहिला महिना त्यांनी दादरला बहिणीच्या रिकाम्या खोलीत काढला, खोकला असताना रोज लोकलच्या गर्दीत नको म्हणून. त्याच बहिणीला आधी सगळं सांगावं लागलं. चाळीस वर्षं जिच्यापासून लपवलं ती म्हणाली, "एवढंच ना? माझ्या सासऱ्यांना होता. आम्हीही कुणाला बोललो नाही." आणि तिने किल्ली दिली.

गोळ्यांनी मळमळायचं, लघवी नारिंगी व्हायची, तोंडाची चव गेली होती. माई काही बोलायच्या नाहीत, पेज करून द्यायच्या. एकदाच म्हणाल्या, "अजून काही नाही. तिसऱ्या महिन्यात बरं वाटायला लागेल ना, तेव्हा गोळी खरी जड जाते. तेव्हा सोडाविशी वाटते. मी वडिलांच्या नकळत चार दिवस टाकून दिल्या होत्या."

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही कधी विचारलंत?"

आपल्याकडे क्षयाच्या प्रत्येक रुग्णाची सरकारदरबारी नोंद करावी लागते, तशी अप्पांचीही झाली. त्याच वर्षी एप्रिलपासून सरकारने रुग्णांना पोषणासाठी महिना पाचशे रुपये द्यायला सुरुवात केली होती. पेन्शनच्या खात्यात ते पाचशे रुपये जमा झाल्याचा संदेश आला, तेव्हा अप्पांनी तो दोनदा वाचला आणि माईंना म्हणाले, "या पैशांचे शेंगदाणे आणि अंडी आणू." आजवर घरात अंडी शिजली नव्हती.

कोजागिरीला ते डोंबिवलीला परतलेले होते. सोसायटीच्या गच्चीवर दूध आटत होतं, पोरं धावत होती. दरवर्षीप्रमाणे पहिला पेला अप्पांना दिला. नानांनी विचारलं, "काय अप्पा, त्रुटी दूर झाली का? कधी निघताय?"

"त्रुटी कागदात नव्हती," अप्पा म्हणाले. शाळेतला आवाज होता तो, गच्चीच्या टोकापर्यंत पोचणारा. "मला टीबी झालाय. औषध चालू आहे, आता माझ्यापासून कुणाला लागण होत नाही असं डॉक्टर म्हणालेत. फेब्रुवारीत औषध संपेल."

गच्चीवर दुधाचा पळा भांड्याला लागल्याचा आवाज आला. एका बाईंनी धावत्या नातवाला धरून जवळ ओढलं. नानांनी आपली खुर्ची सरकवली नाही, पण त्या रात्री ते नेहमीपेक्षा लवकर खाली गेले. दुसऱ्या दिवशी कामवाली आली नाही. तिला वरच्या मजल्यावरून कुणीतरी सांगितलं होतं. पेपरवाला पेपर दारात न देता जिन्यात टाकून जायला लागला. अप्पांना हे लागलं. लागणारच. त्यांनी माईंना विचारलं, "चुकलं का माझं?" माई भांडी घासत होत्या. त्या म्हणाल्या, "दुपारची भांडी तुम्ही घासा म्हणजे झालं."

नऊ-दहा दिवसांनी रात्री साडेदहाला दार वाजलं. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी होत्या. जिन्यातला दिवा त्यांनीच घालवलेला दिसत होता.

"माई, येऊ का जरा?"

आत आल्यावर त्या बसल्या नाहीत. मुलीला दोन महिने खोकला होता. संध्याकाळी अंग कोमट लागायचं. बारीक झाली होती. डिसेंबरात साखरपुडा ठरला होता. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी दोनदा कफ सिरप बदलून दिलं होतं. "त्यांनी एक्स-रे काढा म्हटलं, पण हे म्हणतात, फोटो काढला आणि काही निघालं तर? पाहुण्यांकडे कळलं तर?" त्या रडायला लागल्या.

माईंनी त्यांना हाताला धरून खुर्चीवर बसवलं. "मला अठराव्या वर्षी झाला होता," त्या म्हणाल्या. "तेव्हा दीड वर्ष सुया आणि गोळ्या. आता सहा महिने. लग्न झालं माझं, मुलगा झाला, नातूही होईल आता. ही समोर उभी आहे ना मी."

वहिनी बघतच राहिल्या. मग त्यांनी अप्पांकडे बघितलं.

"मला ठाऊक होतं," अप्पा म्हणाले. "लग्नाआधीपासून. लपवायला मीच लावलं होतं."

"आणि पाहुणे?"

"पाहुण्यांशी मी बोलतो. मुलाला मीच शिकवलंय, माझ्या वर्गात होता." ते उठले, कपाटावरची फाइल काढली. "पण ते मागाहून. आधी थुंकी तपासायची. महापालिकेच्या रुग्णालयात फुकट होते. आता आमच्यासारखे आठ आठवडे थांबायला नको, यंत्रावर दोन तासांत कळतं. आणि तिला सांगा, सगळं खरं सांगायचं, कधीपासून खोकला, किती वजन गेलं, सगळं."

"सकाळी?"

"सकाळी सात वाजता खाली उभ्या राहा. माई येईल तुमच्याबरोबर. मला गोळीची गाडी पकडायची असते, नाहीतर मीही आलो असतो. आणि वहिनी, जाताना जिन्यातला दिवा लावून जा, पायऱ्या दिसत नाहीत."